सात नंबर रिकामी आहे

१

काटेवाल्याला त्याच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. विमानतळावर सगळे त्याला काटेवाला म्हणत, वयाने लहान असतील ते काटेवाले काका म्हणत, आणि घरी एकुलती एक मुलगी बाबा म्हणे. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली होती. आधी बाजारातले, मग विमानतळावरचे सामान तोलायचे, आणि गेल्या वर्षापासून हे नवीन काम: बोगद्यात धावणाऱ्या बिनड्रायव्हरच्या केबिनचे काटे.

विमानतळाची इमारत दोन धावपट्ट्यांच्या मधोमध होती. तिथे जायला धावपट्टीखालून दोन बोगदे होते, उजवा जायचा आणि डावा यायचा. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, की उजवा बोगदा गाड्यांना बंद करायचा आणि त्यातून आपोआप चालणाऱ्या केबिन सोडायच्या. चार माणसं बसतील एवढ्या बारा केबिन. बाहेरच्या वाहनतळावर गाडी लावा, केबिनमध्ये बसा, चार मिनिटांत इमारतीत. कागदावर सगळं झकास होतं.

पण काम पुरं होईपर्यंत दोन्हीकडची वाहतूक डाव्या बोगद्यात कोंबलेली होती. पाच मिनिटं इकडची सोडायची, पाच मिनिटं तिकडची. रांग पार चौकाच्या पलीकडे जाई. लोक टॅक्सीतून उतरून बॅगा ओढत कडेकडेने पळत, एकमेकांच्या नावाने शंख करत, आणि तरी विमान चुकेच. काटेवाल्याची मुलगी इमारतीत हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर कामाला होती. तिची पंचवीस मिनिटांची बस आता दोन तास घेई.

"बाबा, मी नोकरी बसमध्ये करते आणि विश्रांतीला काउंटरवर जाते," ती चप्पल भिरकावत म्हणे. सव्वीस वर्षांची झाली तरी तो तिला चिंगीच म्हणायचा. चारचौघांत म्हटलं की ती चिडायची, म्हणून तो मुद्दाम म्हणायचा.

"अजून दोन महिने काढ. मग चार मिनिटं," तो म्हणाला.

"दोन महिने! मागच्या वर्षीपासून तुमचे दोन महिनेच चाललेत." मग ताटावर बसता बसता तिने सहज सांगितलं, "मला दुसऱ्या शहरातल्या विमानतळावर बदली देताहेत. महिनाअखेर सांगायचंय. तोवर तुमचा बोगदा सुरू झाला तर ठीक, नाहीतर मी चालले."

काटेवाल्याचा घास तोंडातच फिरला. तिची आई गेली तेव्हा चिंगी नऊ वर्षांची होती. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत दोघंच होती. तिच्याशिवाय त्या घरात संध्याकाळ कशी व्हायची, हे त्याला कल्पनेतसुद्धा जमेना.

२

प्रत्येक केबिनच्या जमिनीखाली काटा होता. आत किती वजन आहे ते तो ओळखी आणि त्यावरून यंत्रणा ठरवी, की केबिन रिकामी आहे का भरलेली. भरलेली असेल तर तिने मध्ये कुठेही न थांबता सरळ जायचं. रिकामी असेल तर बोगद्याच्या मध्यावर भिंतीत केलेल्या खोबणीत शिरून थोडं थांबायचं, म्हणजे भरलेल्या केबिनना वाट मिळे. त्या जागेला सगळे खोबणच म्हणत. तिथे एक लाल टेलिफोन होता आणि एक लोखंडी दार. आग वगैरे लागली तर त्या दारातून डाव्या बोगद्यात निघता यावं, अशी सोय.

काटेवाल्याचा दिवसाचा क्रम ठरलेला होता. सकाळी नऊला नियंत्रण खोलीत यायचं, चहा घ्यायचा आणि ऑपरेटर मुलीच्या शेजारी बसायचं. ती एकेक केबिन बाहेरून आत सोडायची आणि हा पडद्यावरचे आकडे वहीत लिहायचा. आधी रिकामी केबिन, मग वाळूची पोती घालून. रिकामी शून्य दाखवायला हवी, पोत्यांची पोत्यांइतकंच. यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याला ते आवडे.

त्या सोमवारी सात नंबर रिकामी सुटली. शून्य. खोबणीत शिरली, थांबली, निघाली. निघताना आकडा बदलला.

"काका, तीन किलो शंभर दाखवतेय," ऑपरेटर म्हणाली.

"कुणीतरी हत्यारांची पिशवी विसरलं असेल."

केबिन आत आल्यावर त्याने स्वतः जाऊन पाहिलं. पिशवी नव्हती, पाना नव्हता, साधा कागदाचा बोळासुद्धा नव्हता. दार उघडून तो बाहेर उभा असतानाही बाजूच्या छोट्या पडद्यावर तीन किलो शंभरच होते. मग ऑपरेटरने केबिन परत बाहेर पाठवली. मध्यावर पोचल्यावर आकडा शून्य झाला.

"सर्दी झाली असेल काट्याला," ऑपरेटर हसली. काटेवालाही हसला. ओल धरली की काटे असे चाळे करतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खालच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या आणि परत बसवल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ किलो दोनशे.

३

त्याने काटाच बदलला. बारा नंबरचा सातला बसवला आणि सातचा बाराला. बारा नंबर दिवसभर शहाण्यासारखी शून्य दाखवत राहिली. सात नंबर खोबणीतून निघाली ती अकरा किलो सहाशे घेऊन.

मग रोज वाढू लागलं. तेरा नऊशे. सोळा. अठरा चारशे. जाताना मध्यावर चढायचं, येताना मध्यावर उतरायचं. इतर केबिन त्याच खोबणीत थांबत, त्यांना काही होत नव्हतं. दार उघडलं की स्टेशनातल्या कॅमेऱ्यात सात नंबरच्या चारही खुर्च्या रिकाम्या दिसत.

एकदा तो बोगद्यात चालत गेला आणि खोबणीत बराच वेळ उभा राहिला. दिवे लख्ख होते. भिंत नुकतीच रंगवलेली, रंगाचा वास येत होता. लोखंडी दारापलीकडून डाव्या बोगद्यातले हॉर्न ऐकू येत होते. कुणीतरी ड्रायव्हर पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तेवढ्यात सात नंबर आली, त्याच्यासमोर थांबली आणि नियमाप्रमाणे तिचं दार उघडलं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. तरी दार मिटण्याच्या क्षणी केबिन जराशी खाली दबली. घरात कुणी पलंगाच्या कडेला टेकलं की पलंग दबतो, तेवढीच.

तो एक पाऊल मागे सरला. मग तो स्वतःवरच वैतागला. लवचीक चाकं आहेत, हवेचा दाब आहे, दबणारच. बाहेर येऊन त्याने वहीत लिहिलं: अठरा किलो चारशे. लिहिताना हात थबकला. हा आकडा आपण आधी कधीतरी लिहिलाय, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर चपलाही न काढता त्याने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी होती. चिंगीचं वजन, दर वाढदिवसाला, स्वतःच्या काट्यावर तोललेलं. जन्म, तीन शंभर. पहिला, नऊ दोनशे. दुसरा, अकरा सहाशे. तिसरा, तेरा नऊशे. चौथ्यापुढे पाचवा होता. अठरा चारशे.

तो तिथेच पलंगावर बसला. अरे, वाढत जाणारे आकडे आहेत, कुठे ना कुठे जुळणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. यादी आपल्या डोक्यात बसलेली, म्हणून तसे दिसतात. पण वही दप्तरात होती, यादी दारावर होती, आणि किलोमागचे ग्रॅमसुद्धा जुळत होते.

"बाबा, अंधारात काय करताय?" चिंगीने आत येऊन दिवा लावला. "आणि हे कपाट काय उघडं टाकलंय? झुरळं शिरतील."

तिला पाहून त्याला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली म्हणाला.

४

यादी सोळाव्या वाढदिवसाला थांबत होती. त्या वर्षी चिंगीने काट्यावर उभं राहायला साफ नकार दिला होता. सात नंबर मात्र थांबली नाही. सोळाव्याचे सत्तेचाळीस दोनशे झाले, मग एकोणपन्नास, मग एक्कावन्न. शेवटी चोपन्न किलो तीनशेवर आकडा स्थिरावला आणि सलग चार दिवस हलला नाही.

त्या दुपारी त्याने चिंगीला काउंटरवर फोन केला.

"तुझ्या शेजारी सामानाचा काटा आहे ना? जरा उभी राहा त्यावर."

"बाबा, तुम्हाला काम नाहीये का?"

"राहा गं. काट्याची खात्री करायचीय."

तिने कुणालातरी हसत काहीतरी सांगितलं. मग फोनवर आली. "चोपन्न तीनशे. जाडी झालेय ना? बसमध्ये बसून बसून झालंय हे, तुमच्या बोगद्याची कृपा."

त्याने काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

समोर तारीखसाहेब उभे होते. ते या कामाचे प्रमुख. 'तारीख काय?' याशिवाय ते कुणाशी दुसरं बोलत नसत, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यांनी वही हातात घेऊन सातचं पान पाहिलं.

"हे काय आहे?"

"साहेब, सात नंबरला रिकामी असताना वजन येतंय. कारण सापडत नाही. मला वाटतं, सात बाजूला काढावी."

"सात बाजूला काढली की तपासणी अधिकारी विचारणार का काढली. मग बाराच्या बारा पुन्हा तपासा म्हणणार. म्हणजे सहा महिने." तारीखसाहेबांचा आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "बाहेर रस्त्यावर काय चाललंय ते बघता ना रोज? परवा एक रुग्णवाहिका पाऊण तास अडकली होती. तुम्ही काटेवाले आहात. काट्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. शुक्रवारी कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना बसवून चाचणी आहे, मला सही हवीय."

सहा महिने म्हणजे चिंगी गेली. काटेवाल्याला एवढं एकच ऐकू आलं.

५

काटा शून्य करणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे. पाटावर धूळ बसली, तेल सांडलं, नवीन रबर घातलं, की रिकाम्या काट्यावर थोडं वजन दिसतं. तेव्हा बटण दाबायचं. काटा समजतो, की आत्ता आहे ते म्हणजे काहीच नाही, आणि तिथून पुढे मोजू लागतो. पण शून्य केल्यावर ओळखीचं वजन ठेवून बघायचं असतं, हा पहिला नियम. काटेवाल्याने तो शेकडो जणांना शिकवला होता, प्रसंगी ओरडून शिकवला होता.

बुधवारी दुपारी सात नंबर आतल्या स्टेशनात उभी होती. दार उघडं. छोट्या पडद्यावर चोपन्न तीनशे. खुर्च्या रिकाम्या. तो आत वाकला. आत नव्या कापडाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक पुसटसा वास, बसमधून आलेल्या, दमलेल्या, घामेजल्या माणसाचा. त्याने मान बाहेर काढली आणि बटण दाबलं.

शून्य.

वाळूची पोती बाहेरच्या टोकाला होती. ती आणवायची तर तासभर जाणार. आणि खरं सांगायचं तर पोती ठेवल्यावर काय दिसेल, हेच त्याला बघायचं नव्हतं. त्याने सही केली.

यंत्रणा शून्याखालचे आकडे दाखवत नसे, तेही शून्यच दाखवी. म्हणून त्या दिवसापासून सात नंबर बाहेर जाताना, मध्यावर, आत येताना, सगळीकडे शून्य दाखवू लागली. तारीखसाहेबांनी पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली. काटेवाल्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तो मिठाई घेऊन घरी गेला.

चिंगीने पुडा उघडला नाही. ती टेबलाशी बसून एका कागदाकडे बघत होती.

"बाबा, मी हो कळवलंय," ती म्हणाली. "आज सही करून दिली. रविवारी निघायचंय."

"अगं पण बोगदा सुरू होतोय! शुक्रवारी चाचणी, पुढच्या आठवड्यात..."

"बोगद्यामुळे नाही हो. म्हणजे, सुरुवातीला होतं ते कारण. पण आता मला जायचंच आहे. तिथे बढती आहे. आणि..." ती अडखळली. "मी इथे राहिले तर आपण दोघं आयुष्यभर असेच समोरासमोर बसून राहू. तुम्ही रागावू नका ना. मी दर आठवड्याला फोन करीन."

तो रागावला नाही. "बरं," म्हणाला. रात्रभर छताकडे बघत पडून राहिला आणि पोर आपल्याला टाकून चालली, एवढंच मनात घोळवत राहिला. सात नंबर त्या रात्री त्याला आठवलीसुद्धा नाही.

६

शुक्रवारी सकाळी दहाला चाचणी. चिंगीने यायचं नव्हतं. तिला सामान बांधायचं होतं, म्हणून तो निर्धास्त होता. नियंत्रण खोलीला एका बाजूला मोठी काच होती आणि काचेतून आतलं स्टेशन दिसे. तिथे तारीखसाहेब, तपासणी अधिकारी आणि टाळ्या वाजवायला आलेली मंडळी उभी होती. एकेक केबिन येत होती, लोक हसत उतरत होते.

"काका, तुमची मुलगी आलीये बघा बाहेरच्या स्टेशनात," ऑपरेटर म्हणाली. "मघाशी फोनवर म्हणाली, जाण्याआधी बाबांचं काम बघून जाते. किती गोड आहे हो!"

काटेवाल्याने पडद्याकडे बघितलं. निळं जाकीट घातलेली चिंगी एका केबिनमध्ये शिरत होती. दारावर सात.

"थांबव! तिला उतरायला सांग!"

"सुटली की. का हो? आणि हे काय, शून्य दाखवतेय. मुलगी बसलीये ना आत? काका, रिकामी समजून ती खोबणीत नेईल."

तो बघत राहिला. त्याला सगळं लख्ख कळलं. चोपन्न तीनशेला त्याने 'काही नाही' ठरवलं होतं. आता आत चोपन्न तीनशे बसले होते, त्याच्या पोटचे, आणि काटा म्हणत होता की काही नाही. पण शून्य आहे म्हणजे ती एकटी आहे, हेही खरं. शून्यच राहा, असं तो मनातल्या मनात विनवू लागला.

सात नंबर मध्यावर वळली आणि खोबणीत थांबली. दार उघडलं. आकडा बदलला. चोपन्न तीनशे.

"आलं बघा! एक प्रवासी," ऑपरेटर खूश झाली. "उशिरा जाग आली काट्याला."

आता आत दोघी होत्या. खोबणीतला कॅमेरा केबिनच्या पाठीवर होता, त्यातून फक्त पांढरा पत्रा दिसत होता. आठ सेकंद गेले. नऊ. दार मिटण्याच्या आधी आकडा पुन्हा शून्यावर आला.

एक उतरली होती.

केबिन निघाली. चार मिनिटांतली उरलेली दोन मिनिटं त्याने कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. सात नंबर आतल्या स्टेशनात आली, दार सरकलं आणि चिंगी उतरली. तेच निळं जाकीट, तीच एका खांद्यावर टाकलेली पर्स. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती सरळ काचेपाशी आली, दोन्ही तळवे काचेवर टेकवले आणि पलीकडून ओरडली. आवाज बारीक आला, पण कळला.

"बाबा! चार मिनिटं! मी नाही जात आता कुठे. कागद परत घेते. कायम घरीच राहते तुमच्याजवळ!"

त्याच्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं. हेच शब्द त्याने रात्रभर मागितले होते. त्याने काचेवर तिच्या तळव्यापाशी हात टेकवला. काच त्या जागी गार होती.

तेवढ्यात मागे टेबलावरचा लाल दिवा लुकलुकू लागला.

"काका," ऑपरेटर म्हणाली, "खोबणीतला फोन कुणीतरी उचललाय."

७

त्याने रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसते हॉर्न ऐकू आले. मग श्वास.

"बाबा? दार उघडलं, मला वाटलं पोचलो, म्हणून उतरले. केबिन निघून गेली. इथे कुणी नाहीये. बाबा, आत कुणीतरी बसलं होतं का हो?"

फोन बंद झाला. काचेपलीकडची चिंगी आता हसत नव्हती. त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कोण होतं?" ऑपरेटरने विचारलं.

"कुणी नाही. तार सैल असेल. बघून येतो." त्याने वॉकीटॉकी उचलला आणि मागच्या दाराने बोगद्यात उतरला. भिंतीलगतच्या कट्ट्यावरून तो धावला. या वयात धावायची सवय नव्हती, छाती फुटायची वेळ आली, पण थांबला नाही.

खोबणीत कुणी नव्हतं. रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. लोखंडी दार बंद होतं. बाहेर पडायला म्हणून ती दारापलीकडे गेली असणार आणि दार मागे मिटलं असणार. या दाराला दांडा फक्त याच बाजूने होता. पलीकडे हातभर रुंदीची खोली आणि पुढे डाव्या बोगद्याचं दार, काम पुरं होईपर्यंत तेही पलीकडून कुलूपबंद. त्याने दांड्यावर हात ठेवला. आतून लगेच थापा बसल्या.

"बाबा, तुम्हीच ना? उघडा! उघडा ना, श्वास कोंडतोय. मला घरी जाऊन बॅग भरायचीय. रविवारी जायचंय मला, बाबा!"

वॉकीटॉकी खरखरला. "काका, दमला असाल. सात नंबर रिकामी आहे, तुम्हाला आणायला पाठवलीये."

केबिन आवाज न करता आली आणि त्याच्या पाठीशी थांबली. दार सरकलं. आत चिंगी बसली होती. ती जरा सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"चला बाबा. घरी जाऊ. दमलात ना?"

अगदी तिचाच आवाज. फक्त त्यात कुरकुर नव्हती. दिवसभराचा वैताग नव्हता, बसचा शीण नव्हता, कुठे जायची घाई नव्हती. लोखंडापलीकडचा आवाज मात्र चिडलेला होता, रडका होता, रोज संध्याकाळी चप्पल भिरकावताना असायचा तसाच.

दारापलीकडे डाव्या बोगद्यातले आवाज घुमतात, काटेवाला स्वतःशी म्हणाला. माणसाला हवं ते ऐकू येतं. काट्याचं दुखणं डोक्यात शिरलंय आपल्या. मुलगी ही काय समोर बसलीये, डोळ्यांनी दिसतेय, आणि दारामागे आहे तो नुसता आवाज. असा तो स्वतःला पटवत राहिला. पण सतरा वर्षं ज्याने एकट्याने तिचे सगळे राग सोसले, त्याला आपलं लेकरू कुठल्या बाजूला आहे हे कळायला पटवून घ्यावं लागत नाही. त्याला कळलं होतं. पहिली थाप बसली तेव्हाच कळलं होतं.

दांडा गार होता. खाली ओढला की झालं. मग दार उघडणार, चिंगी बाहेर येणार, त्याच्या गळ्यात पडून रडणार, आणि रविवारी जाणार.

"बाबा!" थापा आता सावकाश पडत होत्या. "बाबा, आहात ना?"

त्याचा हात दांड्यावरून खाली आला.

तो मागे वळला आणि केबिनमध्ये बसला. शेजारून एक हात आला आणि त्याच्या हातावर विसावला. तो हात उबदार होता की गार, हे त्याने बघितलं नाही. दार सरकून मिटलं, आणि त्याबरोबर हॉर्न थांबले, थापा थांबल्या, सगळंच थांबलं.

"काका, बसलात ना," वॉकीटॉकीतून ऑपरेटर म्हणाली. "मघाशी मुलगी बसूनही शून्य होतं, आता तुमच्याएवढं दाखवतेय. एक प्रवासी, एकाहत्तर किलो. काट्यात खोट नाही ना काही? साहेब विचारताहेत, सही कायम ठेवायची का?"

"ठेवा," काटेवाला म्हणाला. "काटा बरोबर आहे."